एकच नवा टायर आणि मधला डिफरन्शियल

प्रश्न : जुन्या सुबारूचा एक टायर फाटला, तेवढाच बदलावा का?

उत्तर : वळणावर चाके वेगवेगळे अंतर कापतात, आणि त्यांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची जुळणी म्हणजे डिफरन्शियल; चारही चाकांना सतत शक्ती पुरवणाऱ्या गाडीत पुढच्या व मागच्या आसांदरम्यान असा आणखी एक डिफरन्शियल असतो. सुबारूच्या अनेक जुन्या मॅन्युअल गाड्यांत त्याला व्हिस्कस कपलिंगची, म्हणजे घट्ट सिलिकॉन तेलात बुडालेल्या चकत्यांच्या डबीची, जोड असते, जी दोन्ही आसांच्या गतीतील फरकाला विरोध करते.

२०५/५५ आर १६ मापाच्या नव्या टायरची नक्षी झिजलेल्यांपेक्षा ४ मिलिमीटर खोल असल्यास ते चाक किलोमीटरमागे सुमारे ६ फेरे कमी घेते. त्यातील निम्मा फरक मधल्या डिफरन्शियलपर्यंत पोहोचतो, आणि एरवी वळणापुरता असणारा कपलिंगवरचा ताण सरळ रस्त्यावरही अखंड चालू राहिल्याने तेल तापते व कपलिंग कालांतराने आवळते. तीव्र वळणावर गाडी अडखळू लागणे हे त्याचे ठळक लक्षण होय. चारही टायर एकदम बदलणे, निदान उरलेल्यांइतकाच झिजलेला जोडीदार शोधणे, हे कपलिंग बदलण्यापेक्षा स्वस्तच पडते.