पायरीवरून हलू नकोस

वाई,
14 जानेवारी 2025

चि. मुक्ता हिस,


आज संक्रांत. तिळगूळ तू आलीस की हातावर देईन.

तुझा कालचा निरोप तीनदा ऐकला. "मामा, तू आणि आई ठरवाल तसं करा, फक्त मी यायच्या आधी उरकून टाका. मला ते बघवणार नाही." पुढे तुला बोलवेना. रात्री फोन लावायला घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू रडली असतीस, मी समजूत घातली असती आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. म्हणून कागद घेतला. पोस्टाची वाट बघण्याइतका वेळ नाही, फोटो काढून पाठवतोय. ऑफिसात वाचू नकोस, खोलीवर गेल्यावर वाच.

आधी खारीची तब्येत सांगतो, कारण ताई तुला निम्मंच सांगते. परवा रविवारी सांगलीला जाऊन आलो. अठरा किलोची आपली खारी आता अकरा किलो चारशे ग्रॅम भरली. रक्तात क्रिएटिनिन आठच्या वर गेलंय, ते दीडच्या आसपास असायला हवं. हिरड्या पांढुरक्या पडल्यात, तोंडाला उग्र वास येतो, जिभेच्या कडेला व्रण आहेत. मागचे पाय फरशीवर घसरतात म्हणून तुझ्या बाबांनी हॉलपासून मागच्या दारापर्यंत सतरंज्या अंथरल्यात. ताई वाटीत दहीभात कालवून बोटावर धरते. खारी एकदा चाटते, तेवढं ताईचं मन राखायला, आणि मान वळवते. मी आत गेलो तेव्हा उठली नाही. शेपूट दोनदा आपटली आणि माझ्या पिशवीचा वास घेतला.

ताईला एक गोष्ट खात राहिलीय, ती तुझ्याही मनात असणार: आधी कसं कळलं नाही? बाळा, ते कळण्यासारखं नव्हतंच. मूत्रपिंडाची जवळजवळ तीन चतुर्थांश ताकद संपते तेव्हा कुठे रक्तात हा आकडा चढायला लागतो. तोवर जनावर खातं, फिरतं, दारावरच्या माणसावर भुंकतं. पाणी जास्त प्यायला लागली होती, पण दिवस ऑक्टोबरच्या उन्हाचे, कोणाला शंका येणार? चौदा वर्षांच्या गावठी कुत्रीचं हे म्हातारपणाचं दुखणं आहे, कुणाच्या हलगर्जीपणाचं नाही. हे तू ताईला तुझ्या तोंडून सांग. माझ्या तोंडून ती ऐकते, पण तिला पटत नाही.

आता उपाय किती उरलेत? कातडीखाली सलाईन रोज चाललंय, त्यानं चार-सहा तास बरे जातात. उलटीचं औषध आहे. एवढंच. आणि हो, कोणी कितीही सांगितलं तरी माणसांची दुखण्याची गोळी तिला द्यायची नाही, क्रोसिन नाही आणि ब्रुफेन तर नाहीच. कुत्र्याच्या शरीराला त्या झेपत नाहीत, आणि तिची मूत्रपिंडं आधीच गेलीत. शेजारून तसा सल्ला आलाय, म्हणून मुद्दाम लिहितोय.

ताईला मी एक काम लावून आलो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज रात्री एक खूण करायची. खारीनं आपणहून काही खाल्लं, उठून अंगणात गेली, कोणाकडे तरी आपण होऊन आली, यातल्या दोन गोष्टी झाल्या तर बरोबरची खूण, नाहीतर फुली. मागचे नऊ दिवस आठवून आठवून आम्ही दोघांनीच भरले: सहा फुल्या. ताई त्या चौकोनांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मला वाटत होतं, मधूनमधून बरी असते." तसंच होतं. घरात रोज बघणाऱ्याला एक चांगली संध्याकाळ आठवते आणि चार वाईट रात्री विसरायला होतात. कुत्रं कण्हत नाही म्हणून त्याला दुखत नाही असं समजू नये. निसर्गानं त्यांना दुखणं लपवायला शिकवलंय. पस्तीस वर्षं जनावरांची डॉक्टरकी केली, मोठमोठ्यानं ओरडणारी जनावरं बहुधा घाबरलेली असत. खरं दुखणाऱ्यातली बरीचशी गप्प बसलेली असत.

ही वेळ ओळखण्यात मी स्वतः एकदा चुकलोय. आमचा भीम्या तुला आठवत नसेल, तू तेव्हा दोन वर्षांची होतीस. त्याचंही हेच दुखणं. घरचाच डॉक्टर, त्यामुळे थांबवणारं कोणी नव्हतं. अकरा दिवस त्याला सलाईन लावत राहिलो. पहिल्या दिवशीच कळलं होतं की आता फिरणार नाही. बाराव्या दिवशी पहाटे त्याला झटके आले, मी कपाटात बाटली शोधत होतो आणि तुझी मामी त्याचं डोकं फरशीवर आपटू नये म्हणून हात घालून बसली होती. ते अकरा दिवस मी माझ्यासाठी ओढून घेतले होते. भीम्याला त्यातला एकही नको होता. म्हणून सांगतो, निरोप थोडा लवकर दिला अशी रुखरुख लागली तर ती आपण सोसू. उशिराची किंमत मात्र खारी मोजेल.

ताईचा खरा अडसर वेगळा आहे. ती म्हणाली, "आपण कोण तिचा जीव घेणारे?" हा प्रश्न हलका नाही, त्याला हसण्यावारी नेऊ नकोस. मी तिला 1928 सालची साबरमती आश्रमातली हकिकत सांगितली. एक वासरू असाध्य दुखण्यानं तळमळत पडलं होतं. उपाय सगळे थकले होते. आश्रमातल्या लोकांशी बोलून गांधीजींनी डॉक्टरांकडून त्याला इंजेक्शन देववलं. देशभर गहजब झाला, अहिंसा सांगणाऱ्यानं हे करावं म्हणून लोक संतापले. गांधीजींनी काही लपवलं नाही, 'नवजीवन'मध्ये लिहून आपली बाजू मांडली. ताई ऐकून गप्प बसली. मला एवढंच वाटतं, की चौदा वर्षं खारीनं कधी खावं, कुठे झोपावं, कुठली लस घ्यावी हे आपण ठरवलं. आता सगळ्यात अवघड गोष्ट आली आणि आपण "देवाच्या मनात असेल ते" म्हणून हात झटकले, तर ते तिच्याशी बरं वागणं नव्हे.

आता तुझ्याकडे येतो.

ऑगस्ट 2019. कृष्णेचं पाणी तुमच्या गल्लीत शिरलं. तळमजला गेला आणि तुम्ही जिन्यावर आलात. बोट आली तेव्हा बोटवाले म्हणाले, आधी माणसं, कुत्रं नंतर बघू. त्यांचंही चुकलं नाही, मागे अख्खी गल्ली वाट बघत होती. ताई बसली, बाबा बसले, आणि तू अठरा वर्षांची पोर खारीला छातीशी धरून जिन्याच्या पायरीवर उभी राहिलीस. घोट्यापर्यंत पाणी. "ती नाही तर मी नाही." दुसरं वाक्य नाही, आरडाओरडा नाही. शेवटी त्यातल्याच एका पोरानं हात पुढे केले आणि आधी खारीला उचलून घेतलं. त्या रात्री माझ्याकडे वाईला आलात, तेव्हा तुझ्या आजीनं तुझ्या केसातला चिखल धुता धुता धर्मराजाची गोष्ट सांगितली. स्वर्गाच्या दारात इंद्राचा रथ उभा असताना तो कुत्र्याला सोडून चढायला तयार झाला नव्हता. आजी म्हणाली, ते कुत्रं म्हणजे यमधर्म होता हे त्याला नंतर कळलं, तेव्हा तर ते नुसतं एक दमलेलं कुत्रं होतं. नंतर बरेच दिवस ती तुला धर्मराजच म्हणायची.

मुक्ता, ती पायरी पुन्हा आलीय.

मी माण तालुक्यात दहिवडीकडे नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. एक धनगर खांद्यावरून म्हातारी कुत्री घेऊन सात-आठ मैल चालत आला. पोटात मोठी गाठ होती, सुटका करण्याशिवाय इलाज नव्हता. त्या काळी लोक दोरी आमच्या शिपायाच्या हातात देत आणि तोंड फिरवून जात. मी त्याला म्हटलं, "तुम्ही बाहेर बसा." त्यानं घोंगडी अंथरली, मांडी घातली, कुत्रीचं डोकं मांडीवर घेतलं आणि घोंगडीचा पदर तिच्या नाकापर्यंत ओढला. म्हणाला, "आता टोचा डाक्टर. तिला माझा वास येतोय." तोवर मी शेकड्यांनी सुया टोचल्या होत्या. कोणी जवळ बसलं की जनावराच्या अंगाचा ताठरपणा जातो, हे त्या दिवशी हाताला जाणवलं. त्यानंतर मी कोणाला बाहेर बसायला सांगितलं नाही.

खारीला दिसतं कमी, ऐकूही कमी येतं. नाक मात्र शाबूत आहे. तुझा जुना निळा स्वेटर ताईनं तिच्या अंथरुणात ठेवलाय, त्यावरच ती झोपते.

तुला ज्याची भीती वाटतेय ते नेमकं काय असतं ते सांगतो, म्हणजे मनातली चित्रं कमी होतील. दवाखान्यात न्यायचं नाही, डॉक्टर घरी येतील. पहिलं इंजेक्शन मांडीत, झोपेचं. दहा-पंधरा मिनिटांत ती गाढ झोपते. मग पुढच्या पायाच्या शिरेतून भुलीच्याच औषधाचा मोठा डोस देतात. मिनिट-दोन मिनिटांत श्वास थांबतो, मग हृदय. डॉक्टर नळी लावून खात्री करतात. डोळे उघडेच राहतील, घाबरू नकोस, ते मिटत नाहीत. नंतर एखादा सुस्कारा निघेल किंवा पाय थरथरेल. ती परत आलेली नसते, स्नायू सैल होताना तसं होतं. लघवी होईल, म्हणून खाली जुनी चादर घालायची. झोपेचं इंजेक्शन दिलं की तिचे कान चोळत राहा, डाव्या कानामागे, तिला आवडतं तिथं. बोललीस तरी चालेल, रडलीस तरी चालेल. फक्त ती झोपेपर्यंत तुझा हात काढू नकोस.

इंजेक्शन मी देणार नाही. ताईनं विचारलं होतं. मी त्या दिवशी डॉक्टर म्हणून येणार नाही, तुझा मामा म्हणून तुझ्या शेजारी बसणार आहे. सांगलीतल्या एका तरुण डॉक्टरांशी बोललोय, हात हलका आहे त्यांचा आणि घाई करत नाहीत.

बाबांचं जरा सांभाळ. चौदा वर्षं ते "तुमची कुत्री" म्हणत आलेत आणि चौदा वर्षं पहाटे साडेपाचला तेच तिला फिरवून आणताहेत. ऐन वेळी त्यांना बाहेर काहीतरी काम निघेल. जाऊ दे त्यांना, अडवू नकोस, टोचून बोलू नकोस. जागा मात्र त्यांनाच दाखवायला सांग: मागे चिकूच्या झाडापलीकडे, पाइपलाइनपासून लांब. खड्डा चार फुटांच्या वर खोल हवा. औषध अंगात राहतं, वरवर पुरलं आणि दुसऱ्या कुत्र्यानं उकरून खाल्लं तर तेही मरेल. गड्याला मी आदल्या दिवशी सांगून ठेवतो.

नंतरचं फार लिहीत नाही. जेवणाची थाळी आणि साखळी लगेच उचलून ठेवायची घाई करू नका. दुसरं पिल्लू आणून देऊ म्हणणारे भेटतील, त्यांना वर्षभर थांबायला सांगा. ऑफिसात "कुत्रीसाठी सुट्टी?" असं कोणी म्हणालं तर घरात माणूस आजारी आहे म्हणून सांग. ते खोटं नाही.

शुक्रवारी रात्रीची बस घे, शनिवारी सकाळी सांगलीत उतरशील. शनिवारचा अख्खा दिवस तुझा आणि तिचा. डॉक्टरांना रविवारी सकाळी अकराची वेळ दिलीय. तू पोचल्याशिवाय त्यांना बोलवायचं नाही, असं ताईला सांगून ठेवलंय. स्टँडवर मी उभा असेन.

तुझा,
मामा