*अंदाज 4 अंशांचा, पण पानावर बर्फ: हे कसं होतं?*



"मोबाईलवर 4 अंश दाखवत होतं, मग पानावर बर्फ कसा?" असं थंडीत बरेच जण विचारतात. म्हणून हा पाठ.

अंदाजातला आकडा हवेचा असतो. तो जमिनीपासून साधारण 4-5 फुटांवर, आडोशाच्या पेटीत मोजतात. आपलं पान मात्र उघड्या आभाळाखाली असतं. आभाळ निरभ्र आणि वारा बंद असला, की पानातली ऊब निघून जाते आणि पान हवेपेक्षा 2-3 अंशांनी जास्त गार होतं. म्हणजे हवा 3 अंशांवर असली तरी पानावरचं दव गोठू शकतं. डिसेंबर 2018 च्या अखेरीस निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा 2 अंशांच्या खाली गेला होता. तेव्हा द्राक्षबागांत दव गोठलेलं सगळ्यांनी पाहिलं.

*धोका कधी समजायचा?*
किमान 4 अंश किंवा कमी + आभाळ मोकळं + वारा पडलेला. तिन्ही जुळले, की त्याच संध्याकाळी तयारीला लागा. गार हवा जड असते, ती नाल्याकाठी आणि खोलगट प्लॉटमध्ये साचते. साधा थर्मामीटर तिथेच, घडांच्या उंचीवर टांगा.

*काय करायचं?*
1) पाणी रात्री द्या. विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं आणि ओली जमीन ऊब धरून ठेवते. पण रोजच्या पाण्याचाच हिस्सा द्या. मण्यात पाणी उतरत असताना एकदम जास्त पाणी दिलं तर मणी तडकतात.
2) पहाटे 4 पासून ऊन येईपर्यंत शेकोट्या ठेवा. एक मोठी पेटवण्यापेक्षा लहान लहान जास्त ठिकाणी. वेल, ठिबकच्या नळ्या आणि वाळलेलं गवत यांपासून लांब. पेटलेली शेकोटी सोडून जाऊ नका.
3) भाजीपाल्याची रोपं संध्याकाळीच झाका, ऊन आल्यावर उघडा.
4) सकाळी पानं ओली असताना फवारणी नको.

*दव गोठलंच तर?*
घाईने काडी-पाने छाटू नका. खरं नुकसान किती, ते 3-4 दिवसांनी कळतं. तोवर फोटो काढून ठेवा. विमा असेल तर मुदतीत कळवा.

थर्मामीटरचा पहाटेचा आकडा प्लॉटच्या नावासह ग्रुपवर टाका. शेजारच्या बागेलाही त्याचा उपयोग होईल.

– आपला कृषी सल्लागार