हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग : सागराने घडविलेली वाट

रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन तालुक्यात वसलेले श्रीक्षेत्र हरिहरेश्वर ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पेशव्यांचे हे कुलदैवत असल्याने पुणेकर भाविकांचा या क्षेत्राशी जुना ऋणानुबंध आहे. येथील प्रदक्षिणा टेकडी चढून, कड्याच्या फटीतील पायऱ्या उतरून समुद्रकाठच्या खडकांवरून जाते. ही वाट सागरानेच घडविली आहे आणि भरतीच्या वेळी तो ती परत घेतो.

कडा व खडकाचा ओटा

येथील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून निर्माण झाला. लाट आदळते तेव्हा त्याच्या भेगांतील हवा कोंडून दाबली जाते व लाट ओसरताच एकदम प्रसरण पावते. अशा असंख्य आघातांनी भेगा रुंदावतात. लाटांसवे येणारे दगडगोटे कड्याचा पायथा घासतात. तेथे खोबण पडली की वरचा भाग निराधार होऊन कोसळतो आणि कडा मागे सरतो. उरतो तो जवळजवळ सपाट असा खडकाचा ओटा. प्रदक्षिणा होते ती याच ओट्यावरून.

पाषाणावरील जाळी

खडकांवर मधाच्या पोळ्यासारखी छिद्रे दिसतात. लाटांचे तुषार खडकाच्या सूक्ष्म रंध्रांत मुरतात, पाणी वाळते व मिठाचे स्फटिक वाढून पाषाणाचे कण सुटे करतात. असे वर्षानुवर्षे घडून ही जाळी कोरली गेली आहे.

वाळूची पुळण

समुद्रात घुसलेल्या भूशिरावर लाटा वळून एकवटतात. तेथे झीज अधिक होते. दोन भूशिरांमधील आत वळलेल्या किनाऱ्यावर त्यांचा जोर विखुरतो व त्या वाळू टाकतात. म्हणूनच कड्यालगतच पुळण आढळते. पावसाळ्यातील उंच लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, तर हिवाळ्यातील सौम्य लाटा ती पुन्हा आणून टाकतात. महाबळेश्वरी उगम पावणारी सावित्री नदी जवळच बाणकोटच्या खाडीतून सागरास मिळते. तिच्या गाळाचीही या किनाऱ्यास भर पडते.

तिथी व भरती

कोकणात भरतीची वेळ तिथीवरून काढण्याची जुनी रीत आहे. तिथीच्या अंकास पाऊणने गुणले असता पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीस ती तीनच्या, तर अष्टमीस सहाच्या सुमारास येते. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. पौर्णिमा व अमावास्येस भर दुपारी बाराच्या सुमारास समुद्र भरलेला असतो आणि भरतीही मोठी असते. पर्वणीस येणाऱ्या भाविकांनी हे विशेष ध्यानी ठेवावे.

यात्रेकरूंना सूचना

१. हा हिशेब केवळ अंदाजासाठी आहे. नेमकी वेळ स्थानिकांस विचारूनच पायऱ्या उतराव्यात.

२. पाणी ओसरत असतानाच निघावे. भरती सुरू झाल्यावर ओट्यावर थांबू नये. एका बाजूस कडा व दुसऱ्या बाजूस सागर असल्याने तेथून चटकन बाहेर पडता येत नाही.

३. शेवाळलेल्या खडकावर पाय देऊ नये. ओहोटीतही एखादी मोठी लाट येते. छायाचित्रासाठी कडेला जाऊ नये.

४. पावसाळ्यात वा समुद्र खवळलेला असता मंदिरातूनच नमस्कार करावा. प्रदक्षिणा पुढील खेपेस करता येईल.