चकियाच्या पुढच्या वाटा

ब्रह्माघाट, काशी

चि. बाळ,

पुण्याहून मोटरसायकलवर येऊन विंध्याच्या जंगलात कुणीही न तुडवलेल्या वाटा धुंडाळायच्या, हा तुझा बेत कळला. जरूर ये. पण तशी वाट इथे मिळायची नाही. चकिया-नौगढच्या जंगलांचा ठेका एकेकाळी काशीच्या देवकीनंदन खत्रींकडे होता. तिथले पडके किल्ले, दऱ्याखोरी त्यांनी पालथी घातली आणि १८८८ साली ‘चंद्रकांता’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातली नौगढ, विजयगढ याच मुलखातली. त्यांच्याही आधीपासून गुराखी, मोहाची फुले वेचणाऱ्या बाया, तेंदूपत्ता तोडणारे याच वाटांनी ये-जा करत आले आहेत. त्यांना वाट विचार. गाडी बंद कर, हेल्मेट काढ, रामराम घाल, मग बोल. चालू गाडीवरून ओरडणाऱ्याला कोण धड उत्तर देणार?

याच जंगलातले चंद्रप्रभा हे अभयारण्य आहे. वनखात्याची परवानगी घ्यायची आणि ठरलेला रस्ता सोडून चाक घालायचे नाही. याबाबत मी तुझे काही ऐकणार नाही.

खरी धास्ती दगडाची आणि पाण्याची. सारनाथचा अशोकस्तंभ ज्या चुनारच्या वालुकाश्मात घडवला, त्याच जातीचा इथला कातळ. कोरडा असला की टायर छान धरतो. शेवाळला की त्यावर नुसते उभे राहणेही कठीण. उघड्या कातळात पाणी मुरत नाही, त्यामुळे वर पठारावर सर कोसळली की खाली लख्ख ऊन असतानाही नाले भरून येतात. राजदरी, देवदरी, लखनिया दरी या धबधब्यांवर पावसाळ्यात झुंबड उडते. तू मात्र दिवाळीनंतर ये. तेव्हाही नाला लागला तर आधी पायी उतरून तळ चाचप. पाणी गुडघ्याच्या वर गेले तर मुकाट्याने मागे फीर. गाडी पाण्यात आडवी झालीच, तर लगेच स्टार्टरचे बटण दाबू नकोस. इंजिनात पाणी शिरले असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी प्लग काढून पाणी बाहेर काढ.

एकटा जाऊ नकोस. टाकी चकियातच भर आणि अंधार पडायच्या आत डांबरी सडकेला लाग. अस्वले आहेत तिथे.

चेन इथे मी ताणून देईन. क्लचची जादा केबल मात्र तिकडूनच आण, तुझ्या गाडीची इथे मिळेलच असे नाही.

तुझा,
मामा