ह्यूम : सवय, ज्ञान आणि पूर्वग्रह

ज्ञानाची सारी सामग्री अनुभवातून मिळते, हे जॉन लॉकचे प्रतिपादन आपण मागील उपघटकात पाहिले. डेव्हिड ह्यूम (१७११-१७७६) या स्कॉटिश तत्त्वज्ञाने हीच अनुभववादी पद्धत मनुष्यस्वभावाच्या अभ्यासाला लावली. १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मनुष्यस्वभावविषयक प्रबंधात बुद्धी, भावना व नीती असे तीन खंड आहेत.

ह्यूमचा मूलभूत प्रश्न असा : कारणावरून कार्याचे अनुमान आपण कशाच्या आधारे करतो? बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो आणि दुसरा हलू लागतो. एक घटना आधी घडली, दुसरी लगेच नंतर, एवढेच आपल्याला दिसते. त्यांना जोडणारी अनिवार्यता मात्र डोळ्यांना दिसत नाही. दोन घटना वारंवार एकत्र अनुभवल्यामुळे मनाला सवय लागते. पहिली दिसताच ते दुसरीची अपेक्षा करते. म्हणजेच अशा अनुमानाचा पाया तर्क नसून सवय आहे.

मग पूर्वग्रह कोठून येतात? ह्यूमच्या मते तेही सवयीतूनच. आयरिश माणूस चतुर असूच शकत नाही, असा घाईचा नियम एकदा मनात रुजला की समोरच्या आयरिश माणसाचे चतुर बोलणेही जमेस धरले जात नाही. यावर त्याने १७४८ च्या ग्रंथात दिलेला निकष असा, की सुज्ञ मनुष्य पुराव्याच्या प्रमाणातच विश्वास ठेवतो.

हा निकष स्वतः ह्यूमने मात्र सर्वत्र पाळला नाही. राष्ट्रीय स्वभावांवरील निबंधाला १७५३ मध्ये जोडलेल्या तळटीपेत त्याने कृष्णवर्णीयांना निसर्गतःच कनिष्ठ ठरवले. जमेकातील एका कृष्णवर्णीय विद्वानाची कीर्ती त्याच्या कानी आली होती. पण प्रतिकूल उदाहरण म्हणून तिचा विचार करण्याऐवजी त्याने त्या विद्वानाची तुलना पोपटाशी केली. जेम्स बीटी या स्कॉटिश लेखकाने १७७० मध्ये या मताचे खंडन केले. दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटन व फ्रान्समधील लोकही मागासलेलेच होते, आणि पेरू व मेक्सिको येथे युरोपीयांच्या साहाय्याविना साम्राज्ये उभी राहिली होती, याकडे त्याने लक्ष वेधले.

यावरून अनुभववाद खोटा ठरतो काय? नाही. ह्यूमची चूक आपण ज्या मापाने मोजतो, ते माप त्याचेच आहे. मात्र सिद्धांत ठाऊक असणे आणि तो स्वतःच्या मतांना लावणे यांत अंतर असते, हे ध्यानात ठेवावे.

स्वयंअध्ययनासाठी : ‘अमुक लोक असेच असतात’ या प्रकारचे, तुम्हाला खरे वाटणारे एक विधान निवडा. त्याच्या बाजूची व विरुद्ध अशी स्वतः पाहिलेली उदाहरणे लिहा. विरुद्ध उदाहरणांना तुम्ही आजवर ‘अपवाद’ म्हणत होता काय, ते तपासा.