मोबाइल आणि लिनक्स संगणक : फाइलींची देवाणघेवाण

कला शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु जात्यावरच्या ओव्या, गावातील वृद्धांच्या आठवणी आज आपण वहीत नव्हे, मोबाइलमध्ये उतरवून घेतो. मोबाइल पाण्यात पडला की सारे गेले. म्हणून ही ध्वनिमुद्रणे संगणकात नेण्याची रीत आपण जाणून घेतली पाहिजे.

लिनक्सचा गाभा हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली प्रथम लोकांपुढे ठेवला. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशीही हाच गाभा आहे. इतके जवळचे नाते असूनही वायर जोडताच फाइली दिसत नाहीत, याचे अनेकांना नवल वाटते.

कारण असे : पूर्वीचे मोबाइल आपली साठवण जणू किल्लीसकट संगणकाच्या हवाली करीत. तेवढा वेळ मोबाइलला स्वतःला ती वापरता येत नसे. दोघांनी एकाच वेळी लिहिले तर नोंदींचा घोळ झाला असता. २०११ च्या सुमारास अँड्रॉइडने ‘एमटीपी’ पद्धत स्वीकारली. तिची रीत ग्रंथालयासारखी आहे. आपण चिठ्ठी देतो, ग्रंथपाल कपाटातून पुस्तक काढून देतात. तसा मोबाइल मागितलेली फाइल स्वतः काढून देतो. मोबाइलला कुलूप असेल, तर ही खिडकी बंद.

कृती सोपी आहे. काही वायरी केवळ चार्जिंगच्या असतात. फाइली नेणारी वायर घ्यावी. मोबाइलचे कुलूप उघडून यूएसबीच्या सूचनेत ‘फाइल ट्रान्सफर’ निवडावे. मग संगणकाच्या फाइल मॅनेजरमध्ये मोबाइलचे नाव दिसते. काही ठिकाणी एमटीपीचा जोड वेगळा बसवावा लागतो. वायर नसल्यास ‘केडीई कनेक्ट’ दोन्हीकडे बसवावे व दोन्ही यंत्रे एकाच वायफायवर आणून एकदा जोडी जुळवावी. फाइली पाठवण्यास इंटरनेट लागत नाही.

एक पथ्य मात्र पाळावे. फाइल ‘कट’ न करता ‘कॉपी’ करावी. दोन्हीकडील आकार ताडून पाहावा, संगणकावर ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकावे, आणि मगच मोबाइलमधील प्रत पुसावी. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही. तिच्या ओव्या तिच्या आवाजातच आहेत. अशा आवाजाच्या निदान दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात, एवढेच माझ्या मित्रमैत्रिणींना सांगणे आहे.