गाणं फुकट, मग पोट कशावर?

प्रश्न : माझा मुलगा आणि त्याचे मित्र स्वतः गाणी बांधतात, रेकॉर्ड करतात आणि इंटरनेटवर फुकट देऊन टाकतात. पुढे यातूनच कमाई होईल, असं त्यांचं म्हणणं. असं कुणाचं पोट भरलंय का? – एक वाचक, सांगली

उत्तर : भरलंय. मात्र ज्यांचं भरलं, त्यांच्याकडे फुकट गाण्याच्या जोडीला विकण्यासारखंही काहीतरी होतं.

ब्रुकलिनच्या जोनाथन कूल्टन या गायकाचंच बघा. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्याने सप्टेंबर २००५ पासून दर आठवड्याला एक नवं गाणं द्यायला सुरुवात केली आणि वर्षभर नेम मोडला नाही. पॉडकास्टवर गाणी फुकट, शिवाय क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना : माझं नाव द्या, धंदा करू नका, बाकी हवं तसं वापरा. मग ‘कोड मंकी’ या गाण्यावर चाहत्यांनी आपापले व्हिडिओ केले. जाहिरातीला पैसा न घालता गाणं लांबवर पोचलं. गाणी फुकट मिळत असतानाही कित्येकांनी ती डॉलर-डॉलरला विकत घेतली, सीडी आणि टी-शर्ट घेतले. कार्यक्रमांचं गणित तर मला फार शहाणपणाचं वाटतं. ‘आमच्या गावी या’ अशी मागणी चाहते एका वेबसाइटवर नोंदवत. एखाद्या शहरातून शंभरेक नावं जमली की तो तिथे कार्यक्रम लावायचा.

केविन मॅक्लाउडची वाट वेगळी. तो व्हिडिओंसाठी पार्श्वसंगीत करतो. श्रेय दिलंत तर फुकट, श्रेय द्यायचं नसेल तर परवान्याचे पैसे मोजा.

आपल्याकडे दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम महिन्याला एक गाणं याप्रमाणे फुकट दिला. पण तोवर त्यांचा श्रोता तयार होता आणि कार्यक्रमांना मागणी होती. रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडने २००७ मध्ये ‘इन रेनबोज’ची किंमत श्रोत्यांवर सोडली, तेव्हा तर ते जगप्रसिद्ध होते. नवख्यांनी त्यांचा दाखला घेऊ नये.

रेकॉर्डिंगची नक्कल कुणीही करतो. समोर बसून ऐकण्याची, जाहिरातीत गाणं वापरायच्या परवानगीची किंवा कुणासाठी खास बांधलेल्या चालीची नक्कल होत नाही. दाम त्यालाच मिळतो. म्हणून मुलाला विचारा, गाणं आवडलेल्या माणसाने तुला गाठायचं कसं आणि पैसे द्यायचे कुठे? नुसती गाणी टाकून वाट बघत बसणं म्हणजे दानधर्म. तोही चांगलाच, पण त्यावर घर चालत नाही.

एक मात्र आधी बघा. मुलाने कुठल्या कंपनीशी करार केला असेल किंवा गीतकार-संगीतकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएससारख्या संस्थेकडे हक्क सोपवले असतील, तर गाणी परस्पर फुकट वाटण्याची मोकळीक त्याला असेलच असं नाही. ती कागदपत्रं नीट वाचून मगच पुढची गाणी टाकायला सांगा.